कोण कोणास म्हणाले?

शाळेत असताना मराठीच्या पेपरात एक प्रश्न हमखास यायचा : ‘कोण, कोणास व केव्हा म्हणाले?’ धड्यातलं एखादं वाक्य उचलून दिलेलं असायचं आणि आपण त्याचा मालक शोधून द्यायचा. मला त्यात कायम निम्मे मार्क पडत. ‘कोण’ बरोबर यायचं, ‘कोणास’पाशी घोटाळा व्हायचा आणि ‘केव्हा’ला काहीच सुचलं नाही की मी ‘रागाने’ असं ठोकून द्यायचो. (गुरुजींनी एकदा वहीत लाल शाईनं लिहिलं होतं, ‘रागाने ही वेळ नव्हे.’) पण एक गोष्ट तेव्हा डोक्यात पक्की बसली, की जगातल्या प्रत्येक वाक्याला कोणीतरी धनी असतो. ते बेवारशी नसतं.

पुढे नशिबानं मलाच मास्तर केलं. तेहेतीस वर्षं मी भूगोल शिकवला. कॉलेज खालापूर तालुक्यात आणि घर कर्जतला, त्यामुळे निम्मी नोकरी खोपोली लोकलमध्ये झाली म्हणायला हरकत नाही. कर्जत सोडलं की पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि खोपोली. प्रवास म्हणावा तर एवढासा, पण गाड्यांची संख्या बघता ही लोकल चुकणं म्हणजे मुहूर्त चुकणं. पुढची गाडी येईपर्यंत फलाटावर एक बटाटेवडा, एक चहा आणि चार प्रोजेक्टं तपासून होत. माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टांवर जे पिवळे डाग दिसतात ते पर्यावरणाच्या प्रदूषणाचे नसून वड्याचे आहेत, हे इथेच नमूद करतो.

प्रोजेक्ट म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात कॉलेजात जाणारं मूल नाही त्यांना सांगायला हवं. वर रंगीत कव्हर, त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक, बाजूला स्पायरल. आत पहिल्या पानावर गणपती. दुसऱ्या पानावर प्रतिज्ञापत्र, ‘सदर प्रकल्प मी स्वतः तयार केला असून तो कोठूनही घेतलेला नाही.’ हे वाक्य मी तेहेतीस वर्षं अक्षरशः याच शब्दांत, याच स्वल्पविरामांसह वाचत आलो. वर्गातल्या साठ मुलांनी आपण कुठूनही काही घेतलेलं नाही हे एकमेकांच्या वहीतून घेतलेलं असायचं.

तिसऱ्या पानावर ऋणनिर्देश. प्राचार्य, उपप्राचार्य, विभागप्रमुख, मार्गदर्शक, ग्रंथपाल, आईवडील, मित्रपरिवार आणि ‘ज्ञात-अज्ञात’ सर्व हितचिंतक. सुनेनं हळदीकुंकवाला आळी बोलवावी तसा सगळा गाव या पानावर बोलावलेला. एका मुलानं तर ज्या प्राचार्यांचे मनापासून आभार मानले होते ते आमच्या कॉलेजचेच नव्हते. मी विचारलं, ‘हे कोण रे?’ तो म्हणाला, ‘सर, मूळ प्रोजेक्टात होते.’ त्या गृहस्थांना पत्ताही नसेल, की दरवर्षी खालापूर तालुक्यातून कोणीतरी त्यांचं ऋण मान्य करतं.

आणि सगळ्यात शेवटी, स्पायरलच्या तारेत निम्मी अडकलेली, संदर्भसूची.

ऋणनिर्देश आणि संदर्भसूची या दोन पानांमध्ये आपल्या शिक्षणपद्धतीची सगळी गंमत आहे असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांनी काही दिलं नाही त्यांचं ऋण पुढच्या पानावर आणि ज्यांच्याकडून घेतलं त्यांचं नाव मागच्या पानावरही नाही. मागच्या पानावर मुलं काय लिहितात? ‘१) गूगल. २) इंटरनेट. ३) विविध पुस्तके. ४) वर्तमानपत्रे.’ हे म्हणजे पोलिसांनी पत्ता विचारल्यावर ‘महाराष्ट्र’ सांगण्यासारखं झालं. एका पठ्ठ्यानं मात्र एकच संदर्भ दिला होता : ‘झेरॉक्सवाले काका, स्टेशन रोड.’ काकांच्या दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये सगळ्या विषयांची तयार प्रोजेक्टं होती, नाव आणि रोल नंबर बदलला की काम झालं. मी त्या मुलाचे दोन मार्क कापले. चुकीचा संदर्भ, दोन मार्क वजा, हा माझाच नियम. पुढे कधीतरी लक्षात आलं, की त्या वर्षीच्या साठ प्रोजेक्टांत खरा संदर्भ तेवढा एकच होता.

मग मी कंबर कसली. संदर्भ कसा द्यावा यावर दर जूनमध्ये एक आख्खं व्याख्यान ठेवलं. फळ्यावर लिहिलं, आधी लेखकाचं आडनाव, मग नाव, मग वर्ष, मग पुस्तकाचं नाव, मग प्रकाशक. मुलांना ते पाठ झालं. पण पाठ झालेलं समजतंच असं नाही. एकच पुस्तक लागोपाठ दोनदा आलं तर दुसऱ्यांदा नुसतं ‘तत्रैव’ लिहावं असं सांगितलं, तर एकीनं निबंधात लिहिलं, ‘तत्रैव यांच्या मते कोकणात पाऊस भरपूर पडतो.’ लेखक जास्त असले की पहिल्याचं नाव घालून पुढे इंग्रजीत ‘एट अल’ लिहितात. एका मुलानं मला गंभीरपणे विचारलं, ‘सर, हे अल कोण? प्रत्येक पुस्तकात दुसऱ्या नंबरला असतात, एकट्याचं एकही नाही.’ शेजारच्या फ्लॅटमधले गृहस्थ आठवले. तेही प्रत्येक कमिटीत दुसऱ्या नंबरला असतात.

संदर्भ लिहिण्याच्या जगमान्य रीतींपैकी दोन घ्या. एक ‘एपीए’, म्हणजे अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची. १९२९ साली एका नियतकालिकात सात पानांचा लेख म्हणून ती जन्माला आली आणि आता तिचं चारशे पानांच्या वर पुस्तक झालंय. दुसरी ‘एमएलए’, ती भाषावाल्यांची. मी वर्गात म्हटलं, ‘ज्यांना एपीए जमत नाही त्यांनी एमएलए वापरा.’ दुसऱ्या दिवशी एका मुलाचे वडील भेटायला आले. म्हणाले, ‘सर, आमदारांची ओळख आहे आपली. चिठ्ठी नुसती तुमच्या नावानं आणू की प्राचार्यांच्या?’

आता कोणी म्हणेल, ही सगळी साहेबाची थेरं. तर तसं नाही. ज्ञानेश्वरांनी १२९० साली एवढा थोर ग्रंथ सांगितला आणि शेवटी सरळ कबूल केलं, की व्यासांच्या मागोमाग, भाष्यकारांना वाट विचारत विचारत इथवर आलो. अख्खी संदर्भसूची एका ओवीत. अभंगाच्या शेवटी तर कर्त्याचं नाव घालायची रीतच. उलट आपल्याकडे जुन्या काळी चोरी विरुद्ध दिशेनं चालायची. लोक स्वतः ओव्या रचायचे आणि ज्ञानेश्वरीत घुसडून द्यायचे. एकनाथ महाराजांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली आणि बजावून ठेवलं, की यापुढे यात कोणी आपली ओवी घालू नये. म्हणजे परक्याचा माल आपल्या नावावर खपवण्यापेक्षा आपला माल थोरांच्या नावावर खपवणं लोकांना बरं वाटत होतं. हल्लीच्या मुलांपेक्षा ते निश्चित विनयशील होते.

तर २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाला एकनाथ महाराजांची आठवण झाली आणि त्यांनी वाङ्मयचौर्याविरुद्ध रीतसर नियमावली काढली. प्रबंध यंत्रात घालायचा, यंत्र टक्केवारी सांगणार. दहा टक्क्यांपर्यंत साम्य निघालं तर माफ. दहाच्या वर चाळीसपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून आणा. चाळीस ते साठ असेल तर एक वर्ष प्रबंध द्यायचा नाही. आणि साठच्या वर गेलात तर नोंदणीच रद्द! आमच्या वेळी पस्तीसला पास आणि साठला फर्स्ट क्लास असायचा. आयुष्यभर जे आकडे गाठायला धडपडलो ते आता टाळायचे होते.

याच नियमावलीत एक मोठी प्रेमळ सवलत आहे. सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट किंवा योगायोगानं जुळलेले शब्द सलग चौदापर्यंत असले तर ते मोजायचे नाहीत. कायदा मोठ्या प्रबंधांसाठी, पण त्याची कुणकुण आमच्या तिसऱ्या वर्षापर्यंत पोचली. एका हुशारानं प्रोजेक्टातला बाराएक शब्दांनंतरचा एकेक शब्द बदलून टाकला. शब्दकोश घेऊन बसला असावा. ‘भाताची लावणी’ची ‘तांदळाची पेरणी’ झाली इथवर ठीक होतं. पण कर्जतवरून वाहणाऱ्या उल्हास नदीची त्यानं ‘आनंद नदी’ केली आणि खालापूरच्या पाताळगंगेची ‘भूमिगत गंगा’. टाटांच्या खोपोलीच्या वीजकेंद्रातून १९१५ पासून बाहेर पडणारं पाणी पाताळगंगेत येतं हे मी वर्षानुवर्षं शिकवत होतो. त्या वर्षी ते जमिनीखाली गेलं.

शिवाय सर्वांना ठाऊक म्हणजे कोणाला ठाऊक? पावसाळ्याच्या तोंडावर कर्जत-नेरळच्या स्टेशनाबाहेर वाडीवरच्या बायका शेवळं घेऊन बसतात. ती काकडांशिवाय शिजवली तर घसा खाजतो हे कर्जतमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दादरहून बदलून आलेल्या आमच्या एका सहकाऱ्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी हौसेनं एक जुडी नेली, नुसत्या कांद्यावर परतली आणि दोन दिवस खुणांनी शिकवलं. भाजीवालीनं काकडंही पुढे केली होती, पण यांना ती ‘जबरदस्तीनं गळ्यात मारतायत’ असं वाटलं. गळ्यात मारलं कोणी, ते नंतर कळलं.

असो. शेवटी मी कडक नियम केला : प्रत्येक प्रोजेक्टात निदान पाच संदर्भ हवेत, आणि डोळ्यांनी बघितल्याशिवाय एकही लिहायचा नाही. नियमाच्या पहिल्या भागाचं पालन लगेच सुरू झालं. हल्ली तर ते फारच सोपं झालंय. कृत्रिम बुद्धिमत्ता नावाची एक अवली चीज मुलांच्या मोबाईलमध्ये आली आहे. तिला पाच संदर्भ मागितले तर ती आठ देते. एका प्रोजेक्टात मी माझंच नाव वाचलं. माझ्या नावावर दोनशे चाळीस पानांचं पुस्तक, विषय कोकणची भातशेती, वर्ष, प्रकाशक, सगळं एपीएच्या रीतीनं बिनचूक. एकच अडचण होती, मी ते लिहिलेलं नव्हतं. मी घरी सौ.ला दाखवलं. ती म्हणाली, ‘बघा, त्या यंत्राला सुद्धा वाटतंय तुम्ही एखादं लिहायला हवं होतं.’ एकनाथ महाराजांच्या काळची ती उलटी चोरी पुन्हा अवतरली होती, आणि या वेळी थोरांच्या जागी मी! क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग दोन मार्क कापले.

ही झाली प्रस्तावना. आता मूळ प्रकरणाकडे वळतो, जे सांगायला मला जरा जड जातंय.

निवृत्तीच्या आधीच्या पावसाळ्यातली गोष्ट. तिसऱ्या वर्षाला एक मुलगी होती, पळसदरीला गाडीत चढायची. ठाकरवाडीतली. वर्गात फारसं बोलायची नाही, पण मी बोललेलं लिहून घ्यायची. हा प्रकार इतका दुर्मिळ की सुरुवातीला मला वाटलं ती तक्रारीसाठी पुरावा गोळा करतेय. तिचा विषय होता ‘आमच्या परिसरातील रानभाज्या’. एक दिवस गाडीत समोर येऊन बसली. हातात मोबाईल.

‘सर, एक विचारू? रागावणार नाही ना?’

‘विचार की.’

‘सर, लायब्ररीत तुमचा प्रबंध आहे ना, त्यात कर्जतच्या भाताविषयी “कुलाबा गॅझेटिअर, १८८३, पृष्ठ ११४” असा संदर्भ आहे.’

माझी छाती दोन इंच फुगली. कर्जत-खालापूरच्या भातशेतीवरचा तो माझा १९९१ सालचा एम. फिल.चा प्रबंध. (एम. फिल. ही पदवीच पुढे २०२२ साली आयोगानं बंद केली. माझ्या प्रबंधाशी त्याचा संबंध नसावा.) तेहेतीस वर्षांत कोणीतरी तो उघडला होता!

‘हो, आहे. मग?’

‘सर, त्या गॅझेटिअरमध्ये कर्जत नाही.’

गाडी केळवलीत थांबली. मला वाटतं नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली.

‘नीट बघ,’ मी म्हटलं. ‘शिवाय कर्जत दोन आहेत. एक नगर जिल्ह्यात आहे.’ भूगोलाच्या माणसाला अडचणीत भूगोलच आठवतो.

‘ते पण नाही, सर. तालुके दिलेत, अलिबाग, पेण, रोहे, माणगाव, महाड. कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. ते १८८२च्या ठाण्याच्या गॅझेटिअरमध्ये आहे. खालापूर पण तिकडेच.’ आणि मोबाईल माझ्यासमोर धरला. सरकारनं ही सगळी गॅझेटिअरं इंटरनेटवर घालून ठेवली आहेत. लोकांच्या सोयीसाठी. माझ्या नव्हे.

‘पण तू हे बघायला कशाला गेलीस?’ मी विचारलं. हा प्रश्न मास्तरानं विचारण्याजोगा नव्हता, हे मान्य.

‘तुम्हीच म्हणाला होता ना सर, डोळ्यांनी बघितल्याशिवाय संदर्भ लिहायचा नाही.’

दर जूनमध्ये मी हे वाक्य म्हणत होतो. कोणी ऐकत असेल अशी मला कल्पना नव्हती.

त्या रात्री माळ्यावरून प्रबंध काढला. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, आत झुरळाची अंडी. पृष्ठ सदतीस, तळटीप चार. सौ.नं विचारलं, ‘अहो, काय शोधताय इतक्या रात्री?’ मी म्हटलं, ‘चूक.’ ती म्हणाली, ‘एकच?’

तळटिपेकडे बघता बघता १९९१ सालची ती दुपार जशीच्या तशी उभी राहिली. मुंबईतलं एक ग्रंथालय. मी चिठ्ठी लिहून दिली, शिपाई अर्ध्या तासानं येऊन म्हणाला, गॅझेटिअर बाइंडिंगला गेलंय, गुरुवारी या. गुरुवारी माझे तास होते. समोर टेबलावर कोणाचा तरी जुना प्रबंध पडला होता. त्यात भातावर एक परिच्छेद आणि खाली ही तळटीप. त्या बिचाऱ्याचं बरोबर होतं. तो पेणविषयी लिहीत होता. मी तळटीप तेवढी उचलली आणि कर्जतच्या भाताखाली आणून लावली. माझ्या मनात कर्जत म्हणजे रायगड आणि रायगड म्हणजे पूर्वीचा कुलाबा. नाव १९८१ साली बदललं हे ठाऊक होतंच. जिल्ह्याच्या सीमाही बदलतात हे मी पुढे तेहेतीस वर्षं फळ्यावर नकाशे काढून शिकवणार होतो, पण त्या दुपारी व्ही. टी.वरून सुटणारी कर्जत लोकल गाठायची होती. पुढची तासाभरानं. शास्त्र एका बाजूला आणि खिडकीची जागा एका बाजूला. खिडकी मिळाली. मार्गदर्शकांनी सही केली. तोंडी परीक्षेला आलेले परीक्षक म्हणाले, ‘संदर्भ भरपूर दिलेत, चांगलं आहे.’

दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेलो तो थेट ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत. जुनी प्रोजेक्टं तिथे ठेवलेली असतात. धूळ झटकत बसलो. दुपारपर्यंत एकोणीस सापडली. एकोणीस प्रोजेक्टांत माझी तळटीप, आणि दर पिढीगणिक अधिक गुटगुटीत होत गेलेली. एकात १८८३चं १९८३ झालं होतं. एकात पृष्ठ ११४चं १४१. एकानं प्रकाशनाचं ठिकाण म्हणून ‘कुलाबा, मुंबई ५’ असा पत्ता पुरवला होता. आणि एका मुलीनं, माझाच ‘आडनाव आधी’ हा नियम पाळून, लिहिलं होतं, ‘गॅझेटिअर, कुलाबा.’ कुलाबा हे नाव आणि गॅझेटिअर हे आडनाव. कोणाचे दोन मार्क कापलेले नव्हते. उलट एकावर माझ्या अक्षरात शेरा होता, ‘दुर्मिळ संदर्भ शोधल्याबद्दल अभिनंदन.’

सगळ्यात वाईट काय वाटलं सांगू? १९६४ साली कुलाबा गॅझेटिअरची नवी आवृत्ती निघाली, तिच्यात कर्जतही आहे आणि खालापूरही. ती आमच्याच ग्रंथालयात, त्याच खोलीत, समोरच्या कपाटात होती. कुलूपही नव्हतं.

दोन दिवस मी विचार केला. गप्प बसावं असाही केला. निवृत्तीला इतके थोडे दिवस उरलेले, पेन्शनचे कागद वर गेलेले. एका तळटिपेनं कोणाची भातशेती बुडाली नव्हती. पण रोज पळसदरी येत होती, आणि ती चढत होती, आणि ‘गुड मॉर्निंग सर’ म्हणत होती. तिच्या नजरेत काही नव्हतं हो, पण मला ‘पृष्ठ ११४’ असं ऐकू यायचं.

शेवटी वर्गात सांगून टाकलं. लोकल, तळटीप, एकोणीस प्रोजेक्टं, सगळं. वर्ग शांत. पंख्याचा तेवढा आवाज. मग मागच्या बाकावरून एक जण उठला आणि अत्यंत आदरानं म्हणाला, ‘सर, चुकीचा संदर्भ, दोन मार्क वजा. तुमचे एकोणीस दुणे अडतीस झाले.’ दुसरा म्हणाला, ‘आणि तुमचा धरून वीस. म्हणजे चाळीस.’ पासिंगला चाळीसच लागतात, एवढाच दिलासा.

तास संपल्यावर त्या मुलीला थांबवलं आणि तिचं प्रोजेक्ट उघडलं. शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी, फोडशी. कुठली भाजी डोंगराच्या कुठल्या अंगाला उगवते, पहिल्या पावसानंतर किती दिवसांनी, कुठली कोवळी असतानाच खायची आणि कुठली खुडताना मुळाला हात लावायचा नाही म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा येते. तेहेतीस वर्षांत असं प्रोजेक्ट मी वाचलं नव्हतं. मागे संदर्भ पाच. वनस्पतींची तीन पुस्तकं, ठाण्याचं गॅझेटिअर आणि, खोडून, माझा प्रबंध.

‘अगं, पण ही एवढी माहिती या पुस्तकांत कुठे आहे?’

‘नाही सर. ती आजीनं सांगितली.’

‘मग आजी कुठाय यादीत?’

‘आजी पुस्तक नाही ना सर.’

ऋणनिर्देश पाहिला. प्राचार्य होते, ज्यांना भारंगी आणि सारंगी यांतला फरक सांगता आला नसता. उपप्राचार्य होते. मी होतो. आजी नव्हती.

मी एपीएचं पुस्तक काढलं. त्यात अशा माणसांची सोय आहे. तोंडी मिळालेल्या माहितीला ते ‘व्यक्तिगत संपर्क’ म्हणतात. पण नियम असा, की वाचकाला पुन्हा शोधून काढता येणार नाही असा संपर्क मजकुरात कंसात लिहायचा, शेवटच्या यादीत घालायचा नाही. म्हणजे आजीला आत घेता येतं पण बसायला जागा देता येत नाही. थोडक्यात, संध्याकाळची कर्जत लोकल. २०१९ साली आलेल्या सातव्या आवृत्तीत त्यांनी आदिवासींच्या परंपरागत ज्ञानासाठी थोडी दाटीवाटी करून घेतलीय : माणसाचं नाव, जमात, गाव मजकुरात नीट लिहा म्हणतात. तरी यादीत नाहीच. मी म्हटलं, एपीए अमेरिकेत, आपण खोपोलीत. आजीला यादीत पहिला नंबर दे. पूर्ण नाव विचारून ये.

ती दोन दिवसांनी आली. ‘सर, आजी नको म्हणते.’

‘का गं?’

‘म्हणते, मला कुठे काय येत होतं, मला सासूनं दाखवलं. तिचं नाव लिही.’

‘मग तिचं लिही.’

‘तिचं नाव आजीला माहीत नाही, सर. घरात सगळे म्हातारीच म्हणायचे. आजोबांना माहीत असणार, ते आता नाहीत.’

आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही.

‘मग शेवटी म्हणाली, लिही माझंच. पण काकडांचं लिहिलंस का ते आधी बघ म्हणाली. कोणीतरी तुझं वाचून नुसतीच शेवळं शिजवील, घसा खाजेल, आणि नाव माझं घेईल.’

मी तपासलं. काकडं पान नऊवर होती. मी म्हटलं, ‘ती पान एकवर घे.’

राहता राहिला माझा प्रबंध. ग्रंथालयात त्याची जी प्रत आहे तिच्यात एक दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवावी असं ठरवलं. ‘पृष्ठ ३७, तळटीप ४ : कुलाबा, १८८३ याऐवजी ठाणे, १८८२ असे वाचावे,’ इतकंच. या वेळी ठाण्याचं गॅझेटिअर उघडून, पान काढून, चष्मा पुसून वाचलं. दोनदा. डिंक घेऊन गेलो तर ग्रंथपालांनी रजिस्टर पुढे सरकवलं. म्हणाले, ‘सर, ग्रंथात काही चिकटवायचं तर नोंद लागते. आणि आधार द्यावा लागेल.’

मी खिशातून कार्ड काढलं.

‘तो नव्हे सर. दुरुस्तीला आधार काय, ते लिहा. तुम्हाला हे कोणी सांगितलं वगैरे.’

रजिस्टरात त्यासाठी एवढीशी चौकट होती. मी बराच वेळ पेन हातात धरून उभा होतो. मग लिहिलं. ‘कोण’ म्हणून त्या मुलीचं पूर्ण नाव घातलं, ‘कोणास’ म्हणून माझं. ‘केव्हा’पुढे लिहिलं, ‘खोपोली लोकल केळवली स्टेशनात उभी असताना,’ आणि कंसात, ‘रागाने नव्हे.’